फांदीची फिलिंगं

दि. ८ डिसेंबर, शनिवार. सकाळी धुके, तळे दिसत नव्हते. थिरथिऱ्या यंदा प्रथम दिसला, मागच्या भिंतीवर. नर आहे. जावईबापू उजाडायच्या आत आले. चहा दोनदा घेतला, दुसऱ्यांदा साखर कमी आहे म्हणाले. तळ्याकाठची जुनी फांदी उपटून आणली आणि जेवणाच्या टेबलावर तिची फिलिंगे तपासली. दोन शाबूत. एक नवीन भरले. टेबलक्लॉथ भिजत घातला आहे. दुपारी लेकीचा फोन, त्याला काही बोलू नकोस म्हणाली.

ही नोंद वाचून कुणालाही वाटेल की बाईंचे आता वय झाले, दाताच्या जागी फांदी लिहून बसल्या. पण सासूबाईंच्या रोजनिशीत असल्या चुका होत नसत. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून एकच गोष्ट शिकवली होती, झाले ते लिहायचे, वाटले ते नाही. त्या दिवशी फांदीचीच फिलिंगे तपासली गेली होती आणि तपासणारा माणूस चांगला पदवीधर दंतवैद्य होता. दंतवैद्य म्हणजे त्यांचे जावई.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. वाईट व्हायलाही थोडी हिंमत लागते. लहानपणापासून त्यांच्या नशिबी एकच शब्द आला होता, उत्तेजनार्थ. शाळेत चित्रकलेत उत्तेजनार्थ, वक्तृत्वात उत्तेजनार्थ, गोळाफेकीत तीनच मुलगे होते तरी उत्तेजनार्थ. मोठ्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर व्हायचे होते, मार्क थोडक्यात हुकले आणि दातांकडे वळावे लागले. तेही उत्तेजनार्थच, असे त्यांचे वडील चार लोकांत हसून सांगत. लेकीने त्यांना पहिल्यांदा घरी आणले तेव्हा सगळा वेळ ते सासूबाईंच्या वरच्या डाव्या दाढेकडे बघून बोलत होते. लग्न ठरले. दाढही नंतर त्यांनीच काढली. ती मात्र छान काढली, हे मान्य करायला हवे. हाताला गुण होता. डोक्याचे काय ते वेगळे.

पक्ष्यांआधी बरेच काही होऊन गेले होते. बासरी झाली. बुटक्या कुंड्यांतली झाडे झाली, ती सगळी आडवी पडली. सायकल झाली, तिच्यासाठी आणलेले हेल्मेट हल्ली गच्चीवर टाकीच्या नळाला झाकण म्हणून आहे. प्रत्येक छंदाचे सामान आधी यायचे आणि छंद मागून येता येता वाटेतच कुठेतरी परत फिरायचा. पक्ष्यांचे सामान मात्र आले आणि राहिले, कारण तळ्याकाठच्या पक्षीमंडळाचे हिवाळी प्रदर्शन होते आणि त्यात पहिला नंबर होता. पहिल्या नंबराचा फोटो मंडळाच्या सभागृहात कायमचा लागतो. पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी फोटो दिला आणि त्यांना मिळाले काय, तर उत्तेजनार्थ. प्रमाणपत्र त्यांनी दवाखान्यात चौकटीत लावले. दुसऱ्या वर्षीचे त्याच्या शेजारी लावले. रोगी खुर्चीत आडवा झाला, तोंडात नळ्या गेल्या की समोर तेवढेच वाचायला उरायचे. डॉक्टरांना वाटायचे, लोक फोटो बघतायत. लोक शब्द वाचायचे आणि खुर्चीचा हात घट्ट धरायचे.

त्यात त्यांच्या दवाखान्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर आणखी एक दाताचे डॉक्टर बसत. त्यांना घरात सगळे "वरचे" म्हणत. वरच्यांना छंद नव्हता. वरचे दिवसभर दात बघत आणि संध्याकाळी घरी जात. गर्दी वरच्यांकडे असायची. जिना चढणारे लोक डॉक्टरांच्या दारासमोरूनच चढत, आणि दाराला काच होती.

तर यंदा पहिला नंबर हवाच होता. "आई, यंदा नाही तर कधीच नाही," असे डॉक्टर दर शनिवारी चहाच्या कपात बघून म्हणत. सासूबाईंच्या घराचे मागचे दार तळ्याकडे उघडते, म्हणून त्यांचा तळ हिवाळाभर तिथेच असे. बूट मागच्या दारात, कॅमेरा जेवणाच्या टेबलावर, आणि फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यात भुशात ठेवलेल्या अळ्या. लोणी खालच्या कप्प्यात गेले.

आठ डिसेंबरला फांदीचे काम चालले होते तेव्हा दिवा सासूबाईंनीच धरला होता.

"जरा इकडे तिरका, आई. हां. हलवू नका."

"डॉक्टर, भूल दिलीत का हिला?"

"कुणाला?"

"फांदीला. कण्हायची नाहीतर."

डॉक्टर हसले नाहीत. कामात असले की ते हसत नसत. दवाखान्यातले छोटे यंत्र त्यांनी घरी आणले होते. त्याची ती जिवाला घोर लावणारी किरकिर जेवणघरात घुमत होती आणि फांदीतून भुसा उडत होता.

"नुसतं भोक पाडलं की अळी लाकडात शिरून बसते," ते समजावून सांगू लागले. "मग पक्षी चोच खुपसून बसतो, मान खाली जाते, फोटो वाया. आतून फिलिंग केलं की अळीला शिरायला जागाच राहात नाही. काठाशी वळवळते. पक्षी येतो, बघतो, मान वर, छाती समोर. खटाक."

"आणि मंडळाचा नियम? आमिष ठेवायचं नाही म्हणून?"

"हे आमिष नाही, आई."

"मग काय आहे?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "सोय आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून दातांच्या रंगांची पट्टी काढली, दवाखान्यात रोग्याच्या ओठाशी धरतात ती. तिच्यावर ओळीने खोटे दात असतात, पांढऱ्याशुभ्रापासून ते पार पिवळ्यापर्यंत. ती त्यांनी फांदीच्या सालीला लावून पाहिली. बराच वेळ मान कलती करून पाहिली. अट्टल तंबाखू खाणाऱ्याच्या दाताचा रंग सालीच्या सगळ्यात जवळ आला. तो भरला, वरून निळा उजेड मारला, बारीक चकतीने कडा गुळगुळीत केल्या. नखाने चाचपले आणि म्हणाले, "बघा हात लावून. कडा कळते?"

कडा कळत नव्हती. सासूबाईंनी तसे सांगितले. ज्या माणसाची दाढ इतकी सुरेख निघते त्याने आपला हात असा फांदीत घालवावा, याची त्यांना चीड आली. पण चीड रोजनिशीत लिहिण्यासारखी गोष्ट नव्हती. टेबलक्लॉथ होता.

"हे बाहेर बोलायचं नाही हं, आई."

"मी कशाला बोलू? मला कोण विचारतंय?"

फांदी पुन्हा तळ्याकाठी, चिखलात, मागच्या वर्षीच्याच जागी रोवली गेली. तिथून पाठीमागे नुसते पाणी दिसते, पलीकडची पंपाची खोली आणि वाळत घातलेल्या चादरी दिसत नाहीत.

मंडळाचे बाकीचे लोकही हिवाळाभर तळ्यावर असत. सासूबाई मागच्या दारातून त्यांच्याकडे बघत आणि त्यांना पक्ष्यांपेक्षा हीच जात जास्त विचित्र वाटे. सगळ्यांचे कपडे हिरवे-मातकट, ठिपक्याठिपक्यांचे, पक्ष्यांना दिसू नये म्हणून. त्यांच्या मागून माणसे फोनवर ओरडत व्यायामाला चाललेली असत, कुणी दगडावर मोटारीच्या चटया आपटत असे, आणि पक्षी खुशाल बसलेले असत. पण मंडळी झुडपात वाकून, एकमेकांना "शू शू" करत सरकत. अध्यक्ष सगळ्यांत पुढे. अध्यक्षांचा कॅमेरा सगळ्यांत लांब. पक्षी उडाला की सगळ्यांच्या माना एकदम खाली जात आणि ज्याची त्याची नजर कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत. पक्षी तोवर त्यांच्याच डोक्यावरून जाई. तो बघायला कुणाला फुरसत नसे, सगळ्यांना तो मिळाला की नाही ते बघायचे असे. एकदा एक परीट पक्षी अध्यक्षांच्या कॅमेऱ्याच्या तिवईवरच येऊन बसला. इतक्या जवळचा फोटो त्या लांबड्या कॅमेऱ्याला काढता येईना, म्हणून अध्यक्षांनी त्याला हाकलला.

डॉक्टर मात्र कुणाच्या आधी आणि एकटे. अंधारात जायचे, भोकांत अळ्या ठेवायच्या, उजेड होईपर्यंत झुडपात बसायचे. थिरथिऱ्या काळा, पोटाशी विटकरी, चिमणीएवढा पक्षी. थंडी पडली की येतो आणि एकदा जागा धरली की सोडत नाही. सासूबाईंच्या भिंतीवर तो पूर्वीपासून यायचा. आता त्याला फांदीची चटक लागली होती. डॉक्टर फांदीपासून हलायच्या आत तो येऊन बसे. एखाद्या वेळी डॉक्टरांच्या टोपीवर बसला असता, पण त्यांनी तशी सोय केली नव्हती.

जानेवारीच्या सुरुवातीला तो फोटो निघाला. डॉक्टर मागच्या दारातून बुटांसकट आत आले.

"आई! बघा! बघा!"

फोटो खरोखर चांगला होता. पाण्यावर सोनेरी उजेड, फांदीवर तो काळा पक्षी, छाती फुगवलेली, मान वर, डोळ्यात उजेडाचा ठिपका. पायाजवळ लाकडाची गाठ असावी तसे काहीतरी.

"हे तुमचं फिलिंग का हो?"

"कुठे? ते कळत नाही. गाठ वाटते." त्यांनी काचेवर बोट ठेवले. "तुम्हाला माहिती आहे म्हणून दिसतंय."

फोटो मंडळाकडे गेला. नियम असा की फोटो तळ्याकाठच्या रहिवाशाचा हवा, म्हणून अर्जावर सासूबाईंचा पत्ता घातला गेला. आठवड्याने निरोप आला, शेवटच्या तिघांत आहे. शेवटच्या तिघांचे फोटो मोठे करून लावतात आणि प्रदर्शनाच्या संध्याकाळी सगळ्यांसमोर पहिला जाहीर करतात. अध्यक्षांनी खासगीत डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली होती. डॉक्टर दोन दिवस ती पाठ जपत फिरत होते.

एवढ्यावर माणसाने गप्प बसावे. पण उतावळ्याला तेवढा धीर कुठला? डॉक्टर आमंत्रणपत्रिका घेऊन स्वतः जिना चढले आणि वरच्यांच्या हातात दिली.

"कशाला दिलीस?" लेकीने विचारले. "त्यांना पक्ष्यातलं ओ की ठो कळत नाही."

"येऊ दे ना. एकदा बघू दे."

"काय बघू दे?"

"फोटो," डॉक्टर म्हणाले, आणि आरशात टाय लावून बघू लागले.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी सभागृह भरले होते. थिरथिऱ्या समोरच्या भिंतीवर होता, दारापेक्षा रुंद. एवढासा पक्षी बोकडाएवढा झाला होता. येणारा प्रत्येक जण थबकून "अरे वा!" म्हणत होता आणि डॉक्टर जरा अंतरावर, हात मागे बांधून, दुसरीकडेच कुठेतरी बघत असल्यासारखे उभे होते. लेक शेजारी. सासूबाई खुर्चीवर, पर्स मांडीवर. जाहीर व्हायला थोडाच वेळ होता. अध्यक्ष माईक ठोकून बघत होते.

वरचे आले. सगळ्यांनी केले तसे लांबून बघितले, मान डोलावली. मग त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि पुढे झाले. दाताचा डॉक्टर शेवटी दाताचा डॉक्टर, त्याला लांबून बघता येत नाही. फोटोला नाक लागेल इतके ते जवळ गेले आणि पक्ष्याच्या पायाशी थांबले.

"हे फिलिंग कुणी केलंय?" ते म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. लोक वळले.

"कसलं फिलिंग?" अध्यक्षांनी माईकवरच विचारले.

"हे काय. भोक दाढेसारखं घेतलंय, आत दातात भरतात तेच सिमेंट." वरच्यांनी बोट गोल फिरवले. त्यांना पक्षीमंडळाचे नियम ठाऊक नव्हते. त्यांना वाटले, अशीच करत असतील ही मंडळी. "हौस असेल एखाद्याची. पण काम कच्चं आहे हो. कडा उचललीय. सहा महिन्यांत पडणार हे."

आता डॉक्टरांनी हसायचे होते. "काय तुम्ही, गाठ आहे ती," म्हणायचे होते. सगळ्यांनी मानले असते. अध्यक्षांना तर मानायचेच होते, त्यांनी खासगीत थाप मारलेली होती. लेकीने बाही धरली. सासूबाईंनी पर्स घट्ट धरली.

"कडा उचललेली नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"उचललीय की. ही बघा सावली."

"सावली फांदीची आहे!"

"अहो, मी रोज बघतो. असली फिलिंगं काढण्यात माझा अर्धा दिवस जातो. खालच्या मजल्यावरून येतात ना लोक."

"अहो, त्याच फांदीतल्या जुन्या दोघांना दोन हिवाळे झाले!" डॉक्टरांचा आवाज चढला. "दोन हिवाळे पाण्यात उभी आहेत! कण हललेला नाही! याचीही नखाने बघा, कडा कळत नाही. स्वतः पॉलिश केलंय मी! विचारा आमच्या सासूबाईंना, दिवा धरायला होत्या!"

सभागृहात माईक तेवढा हूं हूं करत होता. सगळ्या ठिपक्याठिपक्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्यांना आता विचारलेच होते.

"कडा कळत नव्हती," सासूबाई म्हणाल्या. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती. "काम पक्कं आहे."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान पसरले. वरच्यांकडे त्यांनी मान ताठ करून बघितले. मग अध्यक्षांकडे बघितले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना समजले. आधी कान लाल झाले, मग मान.

अध्यक्षांना आता चारचौघांत नियम आठवला. आमिषावर, निसर्गाच्या पावित्र्यावर ते बरेच बोलले, स्वतः तिवईवरचा पक्षी हाकलणारे. पहिला नंबर अध्यक्षांच्या साडूच्या बदकाला मिळाला. बदक पाठमोरे होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण चहा त्यानंतर होता. वरचे डॉक्टरांपाशी येऊन हळूच म्हणाले, "मला कल्पना नव्हती हो. माफ करा. पण ती सावलीच असेल, शक्य आहे." त्यांच्या दृष्टीने ही मोठी माघार होती. डॉक्टरांनी तीही उत्तेजनार्थ घेतल्यासारखी घेतली.

गाडीत लेक एकच वाक्य बोलली. "गाठ म्हणाला असतास तर?"

"कडा उचललीय म्हणाला तो," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवारी ते उजाडल्यावर आले. कॅमेरा नव्हता. चहा एकदाच घेतला, साखरेबद्दल बोलले नाहीत. फांदी काढून टाकायची होती, अध्यक्षांनी तसे फर्मावले होते. सासूबाई शाल घेऊन मागोमाग गेल्या, चिखलात हा माणूस आडवा पडला तर हाक मारायला कुणीतरी हवे म्हणून.

डॉक्टरांनी फांदीला हात घातला तर थिरथिऱ्या आला. भोके रिकामी. तो फांदीवर बसला, मग खाली उतरून त्यांच्या बुटांपाशी आला. एक उडी मारी, थांबे, शेपूट थरथरवी. पुन्हा उडी, पुन्हा थरथर, कुणी आतून मशीन चालवत असावे तशी. डॉक्टर वाकून बघत राहिले.

"आई, हा शेपूट किती हलवतो!"

"नावच थिरथिऱ्या आहे त्याचं. तीन वर्षं फोटो काढताय तुम्ही."

"फोटोत हलत नाही ना," डॉक्टर म्हणाले.

ते उपहासाने बोलले नव्हते. खरोखर म्हणाले होते. सासूबाईंच्या ओठावर आलेले सगळे टोमणे एकाच वेळी दाराशी आल्यामुळे अडकून पडले. त्या नुसत्याच "हं" म्हणाल्या.

फांदी उपटली. पक्षी थोडा लांब जाऊन चिखलातच काहीतरी टिपू लागला. त्याला फारसे वाईट वाटलेले दिसले नाही.

दुपारी मंडळाचा टेम्पो आला. अर्जावरच्या पत्त्यावर फोटो परत. दोन माणसांनी तो दाराशी टेकवला, सही घेतली आणि निघून गेले. डॉक्टरांच्या गाडीत तो आडवा जाईना, उभा जाईना, टपावर बांधला तर पुढचे दिसेना.

"राहू दे इथेच," डॉक्टर म्हणाले. "दवाखान्यात नको."

"इथे कुठे? माझ्या भिंती काय मैदानं आहेत का?"

"अहो आई, चांगला फोटो आहे तो."

"चांगला आहे, नाही कुठे म्हटलं?"

डॉक्टरांनी जाताना फोटोसमोर वाकून नखाने त्या भोकाची कडा चाचपली. कागदच तो, लागणार काय? तरी मान हलवून ते गाडीत बसले.

संध्याकाळी सासूबाईंनी दिवा लावला, पेन पुसले, तारीख आणि वार घातला. तापमान लिहिले, भाजीवाला आला नाही ते लिहिले. शेवटी लिहिले: मोठा फोटो बाहेरच्या खोलीत दारामागे उभा केला आहे. दार आता निम्मेच उघडते.